जुन्या टॅबातला आवाज

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज टॅब बोलायचा बंद झाला.

सकाळी यांनी चहाच्या चित्रावर बोट ठेवलं. पडदा पांढरा, चार ओळी इंग्रजी, आणि ॲप गायब! पुन्हा बोट. पुन्हा गायब. शेवटी यांनी रिकामा कप टेबलावर आपटला, तेव्हा चहा पाहिजे हे मला कळलं. मी कुकरकडे बघू, घड्याळाकडे बघू की यांच्याकडे? अंगणवाडीत आज पोरांची वजनं घ्यायची होती.

आशू डबा भरता भरता वाचून म्हणाली, "आई, ॲपवाल्यांनी जुनं ॲप बंद केलं. नवीन काढलं, पण ते ह्या टॅबवर चढून नाही राहिलं. टॅब लय जुना आहे." म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. एवढं सांगून पोरगी लॅबच्या ड्युटीवर निघून गेली.

संध्याकाळी घरी आले तर हे खुर्चीत तसेच. टॅब मांडीवर, हात त्याच्यावर, पडदा काळा. पंखासुद्धा लावला नव्हता.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सीताबर्डीला दुकानं पालथी घातली. सगळ्यांचं एकच – "मॅडम, इसमें अब कुछ नहीं रखा. नया ले लो." नवा घेता येतो हे मलाही कळतं हो! नव्यात यांचा आवाज कुठून येणार?

लिहून मोकळी होते, नाहीतर डोकं फुटेल. दोन वर्षांपूर्वी खर्ऱ्याने यांची जीभ खाल्ली. कळमन्याच्या मंडईत हे मालाची बोली पुकारायचे. मिरचीच्या ढिगाजवळ उभे राहून भाव म्हणाले की बाहेर रस्त्यावरच्या ऑटोवाल्याला ऐकू जायचा. असा गळा! आणि त्या गळ्याच्या वर, गालात, सकाळपासून खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून घोटून. मी बोलून बोलून थकले होते. मग डॉक्टरच बोलले – जीभ काढावी लागेल, जवळजवळ सगळी.

ऑपरेशनच्या आधी दवाखान्यातल्या दीक्षा मॅडमनी (वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवतात त्या) टॅबवर चित्रांचं ॲप घालून दिलं. यांना लिहिता येत नाही, सही तेवढी येते, म्हणून चित्रं. प्रत्येक चित्रामागे यांचाच आवाज भरला. पाणी. पंखा लाव. दुखते. आशू आली काय? आणि एक – "चारू, बस नं वं जराशी."

शेवटचं चित्र नारळाचं. ते यांनी स्वतःहून सांगितलं. "मॅडम, माह्या पोरीच्या साक्षगंधाचं भरून घ्या. तवा मी कुठून बोलू?" तेव्हा आशूच्या लग्नाचा विषयही नव्हता घरात! यांच्या घराण्याची रीत आहे. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, मुलीच्या बापाने पाटावर बसून चारचौघांसमोर तोंडाने म्हणायचं – पोरगी दिली, सांभाळा. त्याला हे लोक वाचा म्हणतात. बापाची वाचा झाल्याशिवाय नारळ इकडचा तिकडे होत नाही.

आणि परवाच आशूला बघायला पाहुणे येणार. दुष्काळात तेरावा महिना!

दीक्षा मॅडमना फोन केला. म्हणाल्या, नवीन टॅबवर ॲप घालून देईन, पण ताई, आवाज तर जुन्याच्या पोटात आहेत ना.

९ नोव्हेंबर, रविवार

पाहुणे येऊन गेले. खापरखेड्याचे. भागीरथा आक्कांनी – यांच्या मोठ्या बहिणीने – आणलेलं स्थळ. मुलाला घरी विक्की म्हणतात. तिथेच वीज केंद्रात नोकरी. उंच, हसरा, मोठ्यांपुढे मान खाली. आशू लाजली! माझी आशू, जी लॅबमध्ये दिवसभर लोकांना सुया टोचते, ती लाजली. मला बरं वाटलं. खूप दिवसांनी.

कोथिंबीर भरून सांबारवड्या केल्या होत्या. मुलाच्या आईने मागून घेतल्या. हे कोपऱ्यातल्या खुर्चीत तोंडावर रुमाल धरून. पाहुण्यांसमोर जेवत नाहीत. यांचं मऊ भात-वरण मिक्सरमधून काढून आत झाकून ठेवलं होतं. टॅब चालू असता तर निदान "या, बसा" तरी म्हणाले असते. मुलाचे वडील यांच्याशी मोठमोठ्याने बोलत होते, जणू यांना ऐकूच येत नाही. लोकांना एवढंही कळत नाही!

निघताना हे मुलाबरोबर कोपऱ्यापर्यंत गेले, तलावाकडच्या पानठेल्यापर्यंत. परत आले ते लालबुंद होऊन. मी भांडी घासत होते. माझा दंड धरून ओढलं, ठेल्याकडे हात केला, आणि दोन्ही तळवे एकमेकांवर खसाखसा घोटून दाखवले.

खर्रा!

हातातलं पातेलं पडलं माझ्या. एवढं होऊन! जीभ गेली, महिनोन् महिने नाकातल्या नळीतून जेवले, आणि ठेला दिसला की हात शिवशिवतात? मागच्या वर्षी खिशात गोड सुपारी सापडली होती, तेव्हा आशूच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. मी वाट्टेल ते बोलले. हे मान हलवत होते – नाही, नाही – आणि पुन्हा तळवे. "नाही म्हणता आणि पुन्हा तेच मागता? लाज नाही वाटत?" अजून काही हातवारे केले. मी बघितलेच नाहीत. साबणाचे हात तसेच घेऊन आत गेले.

आज पोरीचा चांगला दिवस होता. तोही नासवला.

१० नोव्हेंबर, सोमवार

आक्कांचा सकाळीच फोन. "चारू वं, पोरगी पसंत हाय त्यायले! आता विश्वनाथले विचारून घे."

विचारलं. "मुलगा कसा वाटला?" हे ताडकन उठून बसले. आणि काय – तळवे! मी सोयरिकीचं विचारते, आणि या माणसाच्या डोक्यात खर्रा! पदर खोचून कामावर गेले.

आशूला सांगितलं तर म्हणाली, "टेन्शन आलं की तलफ येते आई. लॅबमध्ये पाहत नाही का मी. पोरगी जाणार म्हणून बाबाले कसंतरी होऊन राहिलं असन." असेल. बापाचं मन. पण माझ्याही मनाचं कोणी बघा की!

११ नोव्हेंबर, मंगळवार

आशूने एक शोध लावला आहे. टॅबची जुनी सिस्टीम काढून टाकायची आणि दुसरी घालायची. कंपनीची नाही. दुनियाभरातले हौशी लोक जुन्या यंत्रांसाठी बनवतात, फुकट देतात. ती घातली की टॅब नव्यासारखा, मग नवं ॲप चढेल.

"आणि आवाज?"

"ते मेमरी कार्डावर आहेत नं. हे पाय, सेटिंगमध्ये लिवलं आहे. कार्ड काढून ठेवायचं, टॅब पुसायचा, नवीन सिस्टीम घालायची, कार्ड परत लावायचं. झालं!"

ऐकायला वरणभाताइतकं सोपं. पण कंपनीने टॅबला आतून कुलूप लावलेलं असतं म्हणे. आपल्याच टॅबचं कुलूप उघडायला कंपनीकडे अर्ज! आणि अर्ज केल्यावर आठवडाभर थांबायचं, तुमचा विचार बदलतो का ते बघतात. माझं लग्न ठरलं तेव्हा मला कोणी आठवडा दिला नव्हता.

अर्ज केला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कुलूप बंद. गुडघा सुजलाय. वरणात मीठ विसरले, हे तसंच जेवले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बालदिन. पोरांना टोप्या घातल्या, फोटो काढले, फोटो वरच्या साहेबांना पाठवले, साहेबांचं ॲप बंद पडलं, परत पाठवले. माझ्या नशिबात ॲपच लिहिलेली आहेत.

दुपारी आक्का. मुलाकडचे घाई करत आहेत, साक्षगंध तीस तारखेला, आपल्याच घरी. मी म्हटलं, आक्का, टॅब बंद आहे, वाचेचं काय?

"रीत तं रीतच असते वं. बापानं बोललं पायजे. त्या पाटीत आवाज हाय नं भरलेला? वाजव मंग." टॅबला त्या पाटी म्हणतात. "आन् नाही वाजली पाटी, तं आमचे मधुकरराव बोलतीन. मामाच होय नं तो पोरीचा, आत्याचा नवरा. काही बिघडत नाही."

बिघडतं! हे जिवंत बसलेले असताना आशूची वाचा मधुकररावांनी द्यायची? ज्यांनी आजारपणात एकदा तोंड दाखवलं, तेही पंखा जोरात लावा म्हणायला? या माणसाने जीभ जायच्या आदल्या दिवशी दुसरं काही मागितलं नव्हतं. देवळात न्या म्हणाला नाही, गावाला न्या म्हणाला नाही. पोरीचं एक वाक्य भरून ठेवलं. ते वाक्य तीस तारखेला यांच्याच आवाजात झालं पाहिजे. बस्स. मला बाकी काही नको.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी यांनी मला समोर बसवलं. तोंडाने बोलायला लागले. रुमाल बाजूला ठेवला, छाती भरून श्वास घेतला, आणि आवाज काढला. एक. दुसरा. घशातून काहीतरी ओलं, जाड. लाळ हनुवटीवरून बनियनवर. मला काही कळेना. पुन्हा. तेच. डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होते, मी समजून घ्यावं म्हणून.

दीक्षा मॅडम दर वेळी सांगतात – बोलू द्या त्यांना, घाई करू नका, तुमचे कान तयार होतील. कबूल. पण मला ऐकवत नाही! खरंच सांगते, इथे कोण वाचणार आहे. तो आवाज ऐकला की मला उठून पळावंसं वाटतं. टॅबातला आवाज माझ्या नवऱ्याचा. "चारू, बस नं वं" म्हणणारा. हा तोंडातला आवाज कोणाचा आहे ते मला दोन वर्षांत समजलेलं नाही.

मी म्हटलं, "राहू द्या. टॅब सुरू झाला की सांगा."

त्यांनी रुमाल उचलून परत तोंडाला लावला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कुलूप उघडलं! कंपनीची परवानगी आली.

आशूने सुट्टी टाकली, मीही पोरांना खिचडी देऊन मदतनीस बाईंवर सोपवून लवकर आले. आधी कार्ड. नखाएवढं कार्ड, त्यात माझं सगळं घर! मीच माझ्या हाताने काढलं, हळदीकुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवलं आणि डबी देवघरात, बाळकृष्णाच्या मागे. याहून सुरक्षित जागा आपल्या घरात नाही.

मग टॅबला आशूच्या लॅपटॉपशी वायरने जोडलं. पहिली वायर चालेना. दुसरी चालेना. यांच्या रेडिओच्या डब्यात तिसरी सापडली, ती चालली. लॅपटॉपवर काळ्या खिडकीत आशू इंग्रजी ओळी टाकत होती, एका चुकीला परत पहिल्यापासून. टॅबवर इशारा आला – यावरचं सगळं पुसलं जाईल. कुलूप उघडायचं का? आवाजाच्या बटणाने "हो" वर जायचं आणि चालू-बंदचं बटण दाबायचं. आशू म्हणाली, "आई, तू दाब." मी देवाचं नाव घेतलं आणि दाबलं.

हे शेजारी बसून सगळं बघत होते. मध्येच आशूच्या खांद्याला हात लावला, काही सांगायला गेले. ती म्हणाली, "बाबा, थांबा नं जरासे, आता हात नका लावू मले." ती तरी काय करेल! वायर जरा हलली तर टॅब कायमचा दगड होतो म्हणे.

नवी सिस्टीम चढली. आता पडद्यावर एक ठिपका गोल गोल फिरतोय. आशू म्हणते पहिल्यांदा वेळ लागतो. कणीक मळून झाली, पोळ्या झाल्या, ठिपका फिरतोच आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

टॅब उठला! झकास! असा पळतो की विचारू नका. नवं ॲप एका झटक्यात चढलं. आशूने माझ्या गळ्यात हात टाकले. मी तिला म्हटलं, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, एक तरी टळलं.

आंघोळ करून देवघरातून डबी काढली. कार्ड लावलं.

पडद्यावर आलं – हे कार्ड खराब आहे. पुसून नव्याने वापरायचं का?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

काही लिहवत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आशू दोन दिवस लोकांना विचारत बसली होती. आज समजलं. दीक्षा मॅडमनी टॅब तयार करताना जागा पुरावी म्हणून कार्ड टॅबचाच भाग करून टाकलं होतं. मग टॅब त्याला स्वतःचं कुलूप घालतो. किल्ली टॅबच्या पोटात. आपण टॅब पुसला, किल्लीही पुसली. आवाज अजून कार्डावर आहेत, फक्त आता या जगात कोणालाही ते ऐकू येणार नाहीत. वायरने आधी लॅपटॉपवर उतरवून घेतले असते तर दहा मिनिटांचं काम होतं.

आणि मी ते बाळकृष्णाच्या मागे जपून ठेवलं होतं! हसावं की रडावं? रडले. मोरीत नळ सोडून रडले.

यांना आशूने सांगितलं. मला वाटलं कोसळतील. तर यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, थोपटलं. काही वाटलंच नाही जणू! मग माझ्याकडे वळले. बाहेर हात केला आणि – तळवे. घोट, घोट, घोट.

माझा बांध फुटला. "तुमचा आवाज गेला! आजचा नाही, जुना, चांगला, तोही गेला! आणि तुम्हाला खर्रा सुचतो? जा, खा! पुरं करा एकदाचं!" आशू मध्ये पडली. मी तिलाही ढकललं.

हे उठले आणि गच्चीवर जाऊन बसले. जेवायला खाली आले नाहीत.

२३ नोव्हेंबर, रविवार

नव्या ॲपमध्ये यंत्राचा आवाज आहे. बाईचा. बातम्या सांगणारी बाई जशी जेवायला बसली आहे. "मला. पाणी. हवे. आहे." आपल्या घरात हवे आहे कोण म्हणतं?

यांना टॅब दिला. यांनी सरळ "नाही" च्या चित्रावर बोट ठेवलं. नाही. पुन्हा. नाही. नाही. नाही. ती बाई म्हणत राहिली आणि हे माझ्याकडे बघत राहिले. "अहो कळलं! मलाही नाही आवडत हा आवाज. पण दुसरा कुठून आणू?" टॅब ओढून घेऊन बंद केला.

मधुकररावांना सांगावं लागणार. आक्कांना फोन लावला आणि तो लागायच्या आत बंद केला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

देव आहे.

सहज म्हणून दीक्षा मॅडमना सगळी रामकहाणी सांगितली. त्या म्हणाल्या, "ताई, त्या दिवशी त्यांनी साक्षगंधाचं सांगितलं नं, तेव्हा मला राहवलं नाही. मोबाईल लावला होता मी. शोधते." आणि संध्याकाळी व्हिडिओ आला!

हे आहेत. दाढी वाढलेली, दवाखान्याचा हिरवा अंगरखा. घसा साफ करतात. मॅडम म्हणतात, बोला काका. आणि मग – "पोरगी दिली. सांभाळा." मंडईत भाव पक्का करायचे तसा आवाज, पण शेवटी जरा हललेला.

पाणी गेलं. पंखा गेला. "चारू, बस नं वं" गेलं. पण हे एक राहिलं. तेवढंच मागितलं होतं मी.

आशूने त्यातला आवाज वेगळा काढून नारळाच्या चित्रामागे बसवला. विक्कीशी फोनवर बोलत बोलत करत होती. हसत होती. पोरीला असं हसताना बघितलं की पायाचं दुखणं आठवत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

यांना ऐकवलं. समोर बसून, नारळ दाबला. "पोरगी दिली. सांभाळा." एवढ्या दिवसांनी स्वतःचा आवाज! मी डोळे पुसत होते. यांनी ऐकलं, टॅब हातात घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि टॅब पलंगावर टाकून बाहेर निघून गेले.

भरून आलं असेल. पोरगी द्यायची म्हणजे सोपं असतं का?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

टॅब सापडेना! सगळं घर शोधलं. शेवटी यांच्या गादीखाली. एवढा जपतात! मी मात्र आता कपाटात कुलूप लावून ठेवला. उगाच बसलं-उठलं, फुटला तर?

बाकी – नारळ आणले, पाट घासले, साडी फॉल लावून आली. आशूच्या मैत्रिणी उद्यापासून. आक्का आजच मुक्कामाला आल्या आणि आल्या आल्या फोडणीला नावं ठेवून झाली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

हे आज सकाळपासून माझ्या मागे मागे. स्वयंपाकघरात आले, मी बाहेर. बाहेर आले, मी आत. दोनदा तोंड उघडून आवाज काढला. आक्का म्हणाल्या, "विश्वनाथ, बस गा चुपचाप तिकडं! बायायच्या मधी काहून लुडबुडून राहिला?" आशूच्या मैत्रिणी एकमेकींकडे बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हाताला धरून आतल्या खोलीत नेलं, म्हटलं, "उद्याचा दिवस नीट जाऊ द्या. तुमच्या पाया पडते. तुम्हाला काही बोलावं लागणार नाही, मी सगळी सोय केली आहे."

माझा हात यांनी कितीतरी वेळ सोडला नाही. मग सोडला.

झोपते. अंगात त्राण नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

नारळ परत गेले.

गुरुजींनी वाचा द्या म्हटलं. मी नारळाचं चित्र दाबलं. "पोरगी दिली. सांभाळा." खणखणीत. आणि त्याच आवाजावर, पाटावरून, यांच्या तोंडाचा आवाज – "ना...ई!" पुन्हा – "ना...ई!" शब्द धड नव्हता, पण भिंतीपाशी बसलेल्यालाही कळला. हे उठले. विक्कीच्या खिशात दोन बोटं घातली, खर्ऱ्याची पन्नी काढून ताटात नारळाशेजारी ठेवली, सगळ्यांना तळवे घोटून दाखवले. मग त्याच्यासमोर उभे राहून रुमाल काढला, आणि तोंड उघडलं.

तेव्हा मला कळलं. तेव्हा! इतके दिवस मी यांचा होकार शोधत होते.

आक्का ओरडल्या, "अवं, वाचा तं झाली! पाटीनं देल्ली नं आता!"

आशू पाटावरून उठली. बाबांच्या हनुवटीवरची लाळ तिने नव्या साडीच्या पदराने पुसली आणि वळून म्हणाली,

"आत्या, बाबा नाही म्हणून राहिले."